सोन्याच्या विटा आणि न चढलेले लाल निशाण

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झालेल्या स्फोटाची कथा मराठी घरांत बहुधा एकाच वाक्याने सुरू होते : त्या दिवशी मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. कथा खोटी नाही. ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर सोन्याच्या विटांच्या ३१ पेट्या होत्या. गोदीपासून मैलभर दूर राहणाऱ्या एका पारशी गृहस्थाच्या व्हरांड्यात २८ पौंडांची वीट येऊन पडली आणि त्यांनी ती सरकारजमा केली. पुढे कित्येक दशके गोदीतला गाळ उपसताना विटा सापडत राहिल्या.

या कथेने एक मोठे काम मात्र चोख बजावले आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर देणे बंदराच्या कारभाऱ्यांना, लष्कराला आणि सरकारला अवघड गेले असते, तो प्रश्न तिने ऐंशी वर्षे कोणाला पडूच दिला नाही. स्फोटकांनी भरलेले जहाज लोकवस्तीला चिकटलेल्या बंदिस्त गोदीत आले कसे, आणि पेटल्यानंतर दोन तास ते तेथेच उभे राहिले का? या धाग्याचा विषय तो आहे.

प्रथम जहाज. ‘फोर्ट स्टिकिन’ १९४२ साली कॅनडात बांधले गेले. सुमारे ७,००० टनांचे, युद्धकाळात घाईने उभारलेल्या मालवाहू जहाजांपैकी एक. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा. त्यांत पाणतीर, सुरुंग, तोफगोळे. शिवाय खोक्यांत बांधलेली विमाने आणि ते प्रसिद्ध सोने. कराचीला काही माल उतरला आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गासड्या, वंगणतेल, लाकूड, गंधक, तांदूळ, भंगार लोखंड आणि मासळीचे खत भरण्यात आले.

जहाजाचा कप्तान नेस्मिथ याला हा माल पसंत नव्हता. त्याने हरकत घेतली आणि ती युद्धाची सबब सांगून बाजूला सारण्यात आली. येथे थोडे थांबले पाहिजे. समुद्री कायद्याच्या दृष्टीने जहाजाच्या सुरक्षिततेचा अंतिम धनी कप्तानच. परंतु जहाजाच्या पोटात काय भरायचे, हे ठरविण्याचा अधिकार युद्धकाळात त्याच्या हाती उरला नव्हता. जबाबदारी एकाकडे आणि निर्णय दुसऱ्याकडे, ही विभागणी कराचीतच पुरी झाली होती. मुंबईत तिचा फक्त हिशेब झाला.

जहाजाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारात, खलाशी ज्याला होल्ड म्हणतात तेथे, तळाशी कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटके अशी रचना होती. कापूस कसा जळतो हे गिरणगावातल्या कोणाही माणसाला विचारावे. तो भडकत नाही, धुमसतो. घट्ट बांधलेल्या गासडीच्या आत आग तासन्‌तास जिवंत राहते आणि वरून पाणी ओतले तरी आत पोचत नाही.

१२ एप्रिलला जहाज मुंबईस पोचले. शांततेच्या काळातला नियम स्पष्ट होता. स्फोटके घेऊन आलेल्या जहाजाने गोदीत यायचे नाही. बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून थांबायचे आणि माल लहान गलबतांत उतरवून द्यायचा. युद्धात हा नियम शिथिल केला होता. धोकादायक मालाची खूण म्हणून डोलकाठीवर लाल निशाण चढविण्याची प्रथाही अशीच मोडीत निघाली होती. ‘फोर्ट स्टिकिन’वर लाल निशाण नव्हते. शेजारी उभ्या असलेल्या जहाजांवरील खलाशी, धक्क्यावर ओझी वाहणारे हमाल आणि भिंतीपलीकडच्या मांडवी, मस्जिद बंदर, डोंगरी भागांतील हजारो माणसे यांच्यापैकी कोणालाही आपल्या शेजारी काय उभे आहे, हे त्या निशाणाअभावी कळण्याचा मार्ग नव्हता.

नियम नव्हते म्हणून हा अनर्थ घडला, असे म्हणणाऱ्यांनी हे दोन तपशील पुन्हा वाचावेत. नियम होते आणि ते शहाणपणाचे होते. ज्यांनी ते पाळून घ्यायचे त्यांनीच ते निजवून ठेवले.

१४ तारखेस दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या कोठारातून धूर येत असल्याचे जहाजावरील लोकांच्या ध्यानात आले. अग्निशामक दल आले. पाण्याचा मारा सुरू झाला. दोन तासांत सुमारे ९०० टन पाणी जहाजाच्या पोटात गेले, तरी आगीचे नेमके मूळ सापडेना. उलट, पाण्याची पातळी चढू लागली तसा पेटलेला कापूस तरंगत वर, म्हणजे स्फोटकांच्या दिशेने, सरकू लागला. आग विझवण्याचा उपायच तिला वरच्या मजल्यापर्यंत नेऊन पोचवीत होता.

या दोन तासांत धक्क्यावर कोण कोण होते, ते पाहू. जहाजाचा कप्तान होता. अग्निशामक दलाचा प्रमुख होता. लष्कराच्या दारूगोळा विभागाचा अधिकारी होता. त्याने मालाची यादी पाहिली आणि जहाज ताबडतोब बुडवावे असा सल्ला दिला. गोद्यांचा महाव्यवस्थापक होता. त्याचे मत पडले की जहाज ओढून समुद्रात न्यावे. बुडवण्यास हरकत अशी की गोदीतले पाणी उथळ, जहाज तळाला टेकले तरी कोठार पुरते पाण्याखाली जाणार नाही. समुद्रात नेण्यास अडचण अशी की जहाजाच्या इंजिनाची दुरुस्ती चालू होती, ते स्वतःच्या बळावर हलू शकत नव्हते. दलप्रमुखाला वाटत होते की पाणी मारत राहिल्यास आग आटोक्यात येईल.

प्रत्येकाच्या मतात काही तथ्य होते. प्रत्येकाला आपापल्या खात्याचा अधिकार होता. सर्वांच्या वर उभा राहून ‘हे करा’ म्हणणारा मात्र कोणीही नव्हता. चार सल्ले आणि शून्य आज्ञा. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. चार वाजून चौतीस मिनिटांनी दुसरा, पहिल्याहून मोठा. कप्तान नेस्मिथ त्यात गेला. ६६ अग्निशामक गेले. ‘जलपद्म’ नावाचे जवळजवळ ४,००० टनांचे जहाज पाण्यातून उचलले जाऊन त्याची मागची बाजू धक्क्यावरच्या गोदामावर जाऊन पडली. सिमल्याच्या भूकंपमापकावर धक्क्याची नोंद झाली.

धक्क्यावर ठाम आज्ञा देऊ शकेल असा अधिकारी कायद्यानेच नेमलेला नव्हता का, असे कोणी विचारील. १९०८चा भारतीय बंदरे कायदा तेव्हा लागू होता. त्या कायद्याने बंदराला एक कॉन्झर्व्हेटर, म्हणजे बंदर-संरक्षक, दिलेला आहे. बंदरातील कोणत्याही जहाजाला बंदराच्या नियमांनुसार हुकूम देण्याचा अधिकार त्याला आठव्या कलमाने मिळतो. हुकूम न मानल्यास ते काम स्वतः करवून घेण्याची मुभाही तेच कलम देते. सोळावे कलम तर खास आगीविषयी आहे : आग टाळण्यासाठी किंवा विझवण्यासाठी बंदर-संरक्षक कोणत्याही जहाजाच्या कप्तानाकडून त्याच्या खलाशांपैकी तीन चतुर्थांशांपर्यंत माणसे मागून घेऊ शकतो.

या सोळाव्या कलमाकडे जरा निरखून पाहावे. परक्या जहाजावरील आग विझवण्यासाठी खलाशाचे अंग मागण्याचा हक्क बंदराने १९०८ सालीच लिहून ठेवला होता. त्या खलाशाला शेजारच्या जहाजात काय भरले आहे हे सांगण्याचे साधन मात्र एक लाल फडके होते, आणि तेवढेही युद्धाच्या नावाखाली काढून घेतले गेले. बंदराच्या सत्तेने नाविकाकडे शतकानुशतके कसे पाहिले, हे या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की दिसते. तो मनुष्यबळ होता. कळवण्याजोगा माणूस नव्हता.

स्फोटानंतर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लिओनार्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. जपानी घातपाताची अफवा तिने फेटाळली. आग बहुधा कोणाच्या तरी सिगारेटमुळे, अपघाताने लागली असावी, असा निष्कर्ष निघाला. त्याबरोबरच कापूस आणि स्फोटके यांची धोकादायक रचना आणि आग लागल्यानंतरची दिरंगाई यांवरही चौकशीने बोट ठेवले.

लोकांच्या आठवणीत यांतले काय उरले? सिगारेट उरली, कालांतराने तिची विडी झाली आणि ती कोणा अनाम गोदी कामगाराच्या ओठांत जाऊन बसली. ‘एका हमालाच्या विडीने मुंबई जाळली’ हे वाक्य आजही समाजमाध्यमांवर दिसते. या वाक्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. ज्याच्याकडे मालाची यादी नव्हती, ज्याला स्फोटके आहेत हे सांगण्याची तजवीज नव्हती, जो रोजंदारीवर जहाजाच्या पोटात उतरत होता, त्याच्या एका झुरक्यावर १,४०० टनांचा हिशेब चुकता. माणसे विड्या ओढतात हे बंदराचे नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. किंबहुना ठाऊक होते म्हणूनच स्फोटके गोदीबाहेर ठेवण्याचा नियम त्यांनी लिहिला. चांगला नियम माणसाची चूक गृहीत धरून केलेला असतो. नियम बाजूला ठेवायचा आणि मग चूक करणाऱ्या माणसाला गुन्हेगार ठरवायचे, ही युक्ती फार जुनी आहे.

कामगारांच्या सुरक्षिततेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट नोंदवणे प्राप्त आहे. जहाजावर माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांना अपघातांपासून संरक्षण देण्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९३२ साली एक करार केला. त्यास अनुसरून हिंदुस्थानात १९३४ साली भारतीय गोदी कामगार कायदा संमत झाला. संमत झाला एवढेच. तो प्रत्यक्ष अमलात आला १९४८ साली. मधल्या चौदा वर्षांत तो कपाटात होता, आणि १४ एप्रिल १९४४ हा दिवस त्या चौदा वर्षांतलाच. हा कायदा लागू असता तर स्फोट टळला असता, असा दावा येथे नाही. त्याचा विषय शिड्या, झाकणे, यंत्रे आणि दोरखंड यांचा होता. पण ज्या बंदरात मजुराच्या पायाखालच्या शिडीचा कायदा चौदा वर्षे थांबू शकतो, त्या बंदरात त्याच्या डोक्यावर ठेवलेल्या पाणतिराची चिंता कोणी करावी?

आता युद्धाच्या सबबीकडे वळू, कारण तीच सर्वांत वजनदार आहे. १९४४ साली ब्रह्मदेशाच्या सीमेवर जपानी फौजा होत्या, दारूगोळा लवकर उतरवणे निकडीचे होते, प्रत्येक जहाज बाहेर नांगरून गलबतांची वाट पाहत बसणे परवडणारे नव्हते. हे सारे खरे. मग या घाईने युद्धाला काय मिळाले तेही पाहावे. १३ जहाजे नष्ट झाली. गोद्या पूर्ववत करण्यासाठी सुमारे आठ हजार माणसे सात महिने राबत होती आणि पाच लाख टनांच्या आसपास राडारोडा उचलावा लागला. बंगालचा दुष्काळ पुरता सरला नव्हता, अशा वर्षी गोदामांतले ५०,००० टनांहून अधिक धान्य गेले. सुमारे ८०,००० माणसे बेघर झाली. मालमत्तेच्या भरपाईसाठी सरकारला स्वतंत्र वटहुकूम काढावा लागला. वाचवलेल्या एक-दोन दिवसांची ही किंमत. लष्करी हिशेबानेसुद्धा हा सौदा दिवाळखोरीचा होता.

आणि असे काही घडेल याची कल्पना कोणाला नव्हती, हा बचावही टिकत नाही. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात ‘मों ब्लां’ हे फ्रेंच दारूगोळा जहाज ‘इमो’ या नॉर्वेजियन जहाजाला धडकले, पेटले आणि उडाले. सुमारे १,८०० माणसे मेली. तपशील पाहिले की अंगावर काटा येतो. युद्धापूर्वी अशा जहाजांना हॅलिफॅक्सच्या आतल्या बंदरात मज्जाव होता. पाणबुड्यांच्या भीतीने तो उठवला गेला. ‘मों ब्लां’वरही धोक्याचे लाल निशाण नव्हते. किनाऱ्यावरची माणसे खिडकीशी येऊन आगीची शोभा पाहत राहिली, कारण त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते.

सत्तावीस वर्षांचे अंतर, पण साम्राज्य एकच, सबब एकच, आणि न फडकलेले निशाणही तेच. मुंबईच्या आधी चारच महिने, २ डिसेंबर १९४३ रोजी, इटलीच्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला. तेथल्या ‘जॉन हार्वी’ या अमेरिकी जहाजावर विषारी मस्टर्ड वायूचे बॉम्ब होते आणि ही गोष्ट गुप्त ठेवलेली असल्याने जखमी नाविकांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही ती ठाऊक नव्हती. गुप्ततेच्या नावाखाली बंदराला अंधारात ठेवले की मरतात ती बंदरातली माणसे, हा धडा ताजा होता.

वसाहतवादी सरकारचा तो निर्ढावलेपणा, आज तसे होणे नाही, असे म्हणून समाधान मानायचे असेल तर बैरूत आठवावे. नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘ऱ्होसस’ हे मोल्दोव्हाचे निशाण लावलेले जीर्ण जहाज २,७५० टन अमोनियम नायट्रेट घेऊन लेबनॉनच्या या बंदरात आले. बंदराच्या तपासनिसांनी त्याची तपासणी केली, ते समुद्रात जाण्यास अयोग्य ठरवले आणि रोखून धरले. येथपर्यंत बंदराने आपले काम केले. जहाजाची सुरक्षितता तपासणे, सदोष जहाज अडवणे, हे बंदराच्या सत्तेचे आजचे सर्वांत प्रभावी हत्यार आहे आणि ते येथे वापरले गेले.

त्यानंतर मालकाने जहाज वाऱ्यावर सोडले. बहुतेक खलाशी घरी गेले. कप्तान आणि आणखी तिघांना मात्र जवळजवळ वर्षभर जहाजावरच अडकवून ठेवण्यात आले, पगाराविना, स्फोटक मालाच्या डोक्यावर. कोणी तरी जहाज राखायला हवे होते ना! त्यांची सुटका झाल्यावर माल बारा क्रमांकाच्या गोदामात हलवला गेला आणि पुढची सहा वर्षे तेथे पडून राहिला. सीमाशुल्क अधिकारी न्यायालयाला पत्रे लिहीत होते, बंदराचे अधिकारी दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवीत होते. ४ ऑगस्ट २०२० रोजी ते गोदाम उडाले. दोनशेहून अधिक माणसे मेली. येथे युद्ध नव्हते, घाई नव्हती, दोन तासांची नव्हे तर सहा वर्षांची सवड होती. व्हिक्टोरिया गोदीच्या धक्क्यावर उभे असलेले चार अधिकारीच जणू येथे कागदोपत्री उभे होते : प्रत्येकाकडे मत, कोणाकडेही आज्ञा नाही.

‘ऱ्होसस’च्या चौघांसारख्या नाविकांसाठी २०१७पासून एक आंतरराष्ट्रीय तरतूद लागू आहे. मालकाने खलाशांना सोडून दिल्यास त्यांचा पगार व परतीचा खर्च भागेल अशी आर्थिक हमी जहाजावर असावी लागते आणि तिचा दाखला तपासणे हे बंदर-तपासणीचे काम आहे. तरीही २०२४ साली जगभरात सोडून दिलेल्या नाविकांत सर्वाधिक संख्या भारतीयांची होती. नियम पुन्हा एकदा आहे.

१९०८चा बंदरे कायदा २०२५ साली नव्या कायद्याने हटवला गेला. त्याचे कौतुक करताना व्यापारसुलभता हा शब्द पुष्कळदा येतो. कौतुकाला हरकत नाही. प्रश्न मात्र एकच विचारावा, आणि तो प्रत्येक बंदराबाबत विचारावा : धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या पोटातून धूर येऊ लागला तर पहिल्या दहा मिनिटांत अंतिम हुकूम कोण देणार, त्याचे पद कोणते, आणि शेजारच्या जहाजावरच्या खलाशाला ते पद ठाऊक आहे का?

शेवटी आकड्यांविषयी. स्फोटाची बातमी प्रथम जपानच्या ताब्यातील सायगावच्या नभोवाणीने दिली. मुंबईची माणसे आपल्या डोळ्यांनी पाहिलेली आग वर्तमानपत्रात वाचण्यासाठी मे महिन्यापर्यंत थांबली, कारण ब्रिटिश सरकारने तोवर बातमी दाबून ठेवली होती. पुढे मृतांची गणना झाली, आणि ती अशी : गोदीच्या निरनिराळ्या सेवांतील, अग्निशामक दलासह, २३१. त्यांपैकी अग्निशामक ६६. आणि इतर नागरिक ‘पाचशेहून अधिक’.

पगारपत्रकावर नाव असलेला प्रत्येक माणूस एककापर्यंत मोजला गेला. बाकीच्यांसाठी पाचशेचा गोल आकडा आणि ‘हून अधिक’ हे दोन शब्द. एकूण मृत कोणी ८०० सांगतो, कोणी १,३००. मधली पाचशे माणसे म्हणजे त्या दुपारी हजेरीपटावर नाव नसताना जहाजांवर आणि धक्क्यांवर राबणारे मजूर, गाडीवान, गोदामांच्या आडोशाला झोपणारे हमाल. सोन्याच्या विटा मात्र मोजून भरल्या होत्या : ३१ पेट्या, प्रत्येकीत ४, एकूण १२४.